नळीचं दुसरं टोक

नळीतलं पाणी तोंडात आलं आणि मला काहीच लागलं नाही. तुम्ही म्हणाल, पाणीच ते, त्याला काय लागायचंय. पण लेव्हलच्या नळीतलं पाणी ज्यानं जन्मभर ओढलंय त्याला विचारा. आधी प्लास्टिक लागतं, कडवट. मागून शेवाळ येतं, तळ्याकाठी बसल्यासारखं. आणि सगळ्यात शेवटी, आदल्या वेळी ज्यानं ओढलं असेल त्याची तंबाखू. तीस वर्षं मी ते पाणी ओढतोय आणि तीस वर्षं थुंकतोय. त्या दिवशी थुंकलो नाही. तोंडात धरून उभा राहिलो. जिभेवरून इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. थंड होतं, ओलं होतं, बाकी काही नाही. जणू दुसऱ्याच कुणाच्या तोंडात कुणी पाणी ओतलंय आणि मी बाजूला उभा राहून नुसता बघतोय.

तिसऱ्या मजल्यावर होतो आम्ही. भिंती उठल्या नव्हत्या अजून, नुसते खांब आणि डोक्यावर स्लॅब. नळीच्या दुसऱ्या टोकाला, पन्नास फुटांवर, ओळंबा उभा होता. ओळंबा म्हणजे माझा जोडीदार. उंच, वाळका, दोरीला शिसं टांगल्यासारखा सरळ, म्हणून सगळी साईट त्याला ओळंबा म्हणते. मला घमेलं म्हणतात. का म्हणतात ते माझं पोट बघितल्यावर कुणी विचारत नाही.

"झोप लागली का रे तिकडे?" ओळंबा ओरडला. "मध्ये बुडबुडा अडकलाय. थांब, मी ओढतो माझ्याकडनं."

आणि त्यानं मास्क हनुवटीखाली घेतला.

आता हे सगळं सांगायला वेळ लागेल, पण घडलं तेवढ्यातच, त्याचा हात कमरेपासून तोंडाकडे जाईपर्यंत. माणसाच्या डोक्यात किती माल मावतो ते मला त्या दिवशी कळलं. एका घमेल्यात सबंध इमारत बसावी तसं.

लेव्हलची नळी म्हणजे मोठं यंत्र नाही. बोटाएवढी जाड, आरपार दिसणारी लांब नळी, आत पाणी. एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. मध्ये जिना असो, खड्डा असो, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला येऊन थांबतं. तिथे पेन्सिलीनं रेघ मारायची, आणि त्या रेघेवरून पुढे फरशी, खिडकी, दार, सगळं. चालताना टोकावर अंगठा दाबून धरायचा, नाहीतर पाणी सांडतं. जागेवर पोचलं की एक विचारतो, "अंगठा काढला का?" दुसरा म्हणतो, "काढला." मग "वर घे, खाली घे, अजून थोडं खाली, बस्स." हेच आमचं बोलणं. तीस वर्षांत ओळंब्याशी मी जे काही बोललोय त्यातलं अर्धं हेच असेल. साहेबाकडे लाल रेघ फेकणारं यंत्र होतं, ते एकटा माणूस चालवतो. पण ते दुसऱ्या साईटवर गेलं होतं, आणि खरं सांगू, मला त्याचा रागच होता. भिंतीवर लाल रेघ मारतं आणि गप्प बसतं.

फक्त, नळीत हवेचा एवढासा बुडबुडा राहिला की लेव्हल चुकते. म्हणून आधी बादलीत एक टोक बुडवून दुसऱ्या टोकाला तोंड लावायचं आणि ओढायचं. एकानं ओढून नाही निघाला तर दुसऱ्यानं ओढायचं. मला हे मामानं शिकवलं. पहिल्या वेळी मी ओढलं ते गिळूनच टाकलं. परांचीवरची सगळी माणसं हसली. मामा म्हणाला, "आता तू गवंडी झालास, पोटातच लेव्हल गेली तुझ्या."

तर आता तोंड लावायचंच नव्हतं. बंदी होती. काम परत सुरू होऊन बारा दिवस झाले होते, आणि पहिल्याच दिवशी सेफ्टीवाल्या बाईंनी आम्हा सगळ्यांना गेटपाशी चुन्याच्या गोलांत उभं केलं होतं. एका गोलात एक माणूस. तरुण पोरगी, माझ्या मुलीच्या वयाची असेल, डोक्यावर पांढरी टोपी, हातात फळी आणि कागद. दर दोन मिनिटांनी म्हणायची, "दोन हात अंतर, काका, दोन हात." मग काय, तिचं नावच दोन हात पडलं. तिनं सगळ्यांच्या जोड्या लावल्या. ज्याच्याबरोबर काम त्याच्याचबरोबर जेवण, दुसऱ्या जोडीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. ज्याची थापी त्याची, ज्याची करवत त्याची, प्रत्येकावर ज्याच्या त्याच्या रंगाची चिकटपट्टी. मग आमची नळी समोर आली आणि बाई अडल्या. नळी कुणाची? मी म्हटलं, ताई, ही वाटून घ्यायची गोष्ट नाही, नवरा-बायकोच्या संसारासारखी आहे, एकट्याला चालवता येत नाही. सगळे हसले. ती नाही हसली. तिनं विचार केला, आणि एका टोकाला निळी पट्टी लावली, एका टोकाला लाल. निळं माझं, लाल ओळंब्याचं. पाणी भरायला एक नरसाळं दिलं आणि म्हणाली, "तोंड लावलेलं मला चालणार नाही."

ओळंबा माझ्या कानात म्हणाला, "टोकं वाटली, पाणी कसं वाटणार?"

बारा दिवस नरसाळ्यानंच भरलं. त्या दिवशीही नरसाळं खिळ्याला टांगलेलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर. पण बुडबुडा दिसला, आणि डोक्याच्या आधी तोंड पुढे झालं. हाताला सवय असते तशी तोंडालाही असते. मला कळलं तेव्हा पाणी जिभेवर होतं.

आणि चव नव्हती. गेटवर एक कागद लावलेला. वाचता मला अडखळतच येतं, पण त्यावर चित्रं होती. ताप आलेला माणूस, खोकणारा माणूस, आणि एक जीभ, त्या जिभेवर लाल फुली. रोज सकाळी दोन हात कपाळाला बंदूक लावल्यासारखं ते ताप मोजायचं यंत्र धरायची आणि विचारायची, "काका, ताप? खोकला? वास येतो? चव लागते?" त्याच दिवशी सकाळी मी म्हटलं होतं, "लागते ना. तुमच्या त्या हाताला लावायच्या पाण्याची सांगू का कशी लागते?" ती म्हणाली, "काका, ते प्यायचं नसतं." मागच्या गोलातले हसले. मी हसत हसत आत गेलो.

परवापासून लागत नव्हती. आता खोटं कशाला बोलू. परवा मी डाळीत मीठ घातलं, कमी वाटलं, अजून घातलं, मग अजून. शेवटी म्हटलं, बाबा रे, तुला रांधताच येत नाही. अडुसष्ट दिवस स्वतःच्या हातचं खाऊन तुझ्या जिभेनंच संप केलाय. असं म्हटलं आणि पटवून घेतलं. माणूस दुसऱ्याला फसवायला निदान थोडी मेहनत घेतो. स्वतःला फसवायला तेवढीही लागत नाही.

अडुसष्ट दिवस. सगळं बंद झालं तेव्हा साईटवरची माणसं दोन दिवसांत पांगली. मुकादम गेला, सळया बांधणारे गेले, बायका गेल्या, त्यांची पोरं गेली. मी राहिलो. माझी बायको मुलाकडे होती, दुसऱ्या शहरात, सुनेचं बाळंतपण करायला गेली ती नातवात रमली. मी फोन केला. सून म्हणाली, "बाबा, दोनच खोल्या आहेत, पण या ना." ते "पण" मी पकडून ठेवलं, "या ना" सोडून दिलं. मी म्हटलं, नाही गं, साहेब म्हणतायत इथे कुणीतरी राखण पाहिजे. साहेब असं काही म्हणाले नव्हते. मीच साहेबांकडे जाऊन म्हटलं, मी राहतो. ते म्हणाले, बघा, जमेल का? मी म्हटलं, त्यात काय.

त्यात काय ते मग कळलं. गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी, आणि वर सात मजले रिकामे. बांधकामाला आवाज असतो हो. मिक्सर, हातोडे, शिव्या. तो थांबला की सिमेंटसुद्धा वेगळं दिसतं. पहिला आठवडा मी झोपलो. दुसऱ्यात शेडमध्ये फळी ठोकली, भांडी ठेवायला. मग एक दिवस नळी काढली. एकट्यानं लेव्हल घेणार! एक टोक खांबाला सुतळीनं बांधायचं, दुसरं घेऊन पलीकडच्या खांबाला जायचं, अंगठा काढायचा, पाणी हललं की तसंच धावत परत यायचं, इकडे किती आलं बघायचं, परत धावत तिकडे. आणि तोंडानं दोघांचं मीच बोलायचो. "अंगठा काढला का?" "काढला." "वर घे." "घेतलं." ओळंब्याचा आवाज काढायचो मी, जाडसर, नाकातला. कबुतरं उडून जायची. रोज एकच खांब. दोन झाले असते, चार झाले असते, वेळच वेळ होता. पण मग उद्याला काय उरलं असतं? तिसऱ्यावरचे झाले, चौथ्यावरचे झाले, पाचव्यावर गेलो. ज्या दिवशी साहेबांचा फोन आला की काम सुरू करायचंय, त्या दिवशी मी खांब मोजले, त्यात आधीचे दोन आठवडे मिळवले, आणि मला कळलं किती दिवस झाले ते.

परत आल्यावर ओळंबा त्या रेघांकडे बघत राहिला. "एकट्यानं?" म्हणाला. "वेड लागलं की काय तुला?" मी म्हटलं, लागलं होतं, तू आलास आणि उतरलं. तो म्हणाला, "तपासून घेऊ. एकट्याच्या लेव्हलचा भरवसा नाही." म्हणून आम्ही त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर होतो. माझ्याच रेघा तपासत होतो.

आणि मुकादमानं सांगून ठेवलं होतं, "एकाला जरी निघालं तर गेटला कुलूप. परत पंधरा दिवस, महिना, देव जाणे." दोन हात वेगळं सांगत होती, जोडीला झालं तर जोडी जाईल, साईट नाही जाणार, म्हणूनच तर जोड्या. पण मुकादम आपला माणूस, ती बाहेरची. आम्ही मुकादमाचं खरं मानलं. चाळीस माणसं कामावर आली होती. मी एक शब्द बोललो की चाळीस जणं परत पिशव्या भरणार, आणि मी परत शेडमध्ये, खांबांशी बोलायला. ते नको होतं मला. मरणाचं भय वाटलं नाही, हे काही शूरपणानं सांगत नाही. त्या शांततेचं भय वाटलं. आता खांबही उरले नव्हते फारसे.

आणि ओळंब्याच्या घरी त्याची बायको. तिचं एक फुप्फुस लहानपणीच्या आजारानं गेलेलं. जिना चढताना तीनदा बसते आणि बसून माझी चेष्टा करते, "भावोजी, तुम्ही पोट वाहता, मी श्वास वाहते, बघू कोण आधी वर जातं." ओळंबा कामावरून जायचा तो बाहेरच्या नळावर आंघोळ करून, कपडे भिजवून, मग आत. बाहेरच्या खोलीत झोपायचा. तिला औषध द्यायला तेवढा जायचा.

लाल पट्टीचं टोक त्याच्या ओठांपाशी आलं.

"थांब!" मी ओरडलो. तोंडातलं पाणी छातीवर सांडलं.

तो थांबला. "काय झालं?"

"तोंड लावू नको. शेवाळ झालंय आत."

"मग? जन्मभर शेवाळ पिऊनच वाढलोय." आणि परत नळी वर.

"अरे, नको लावू म्हणतो ना! मी लावलं होतं. मी ओढलं आत्ता."

"दिसलं की मला. दोन हातला नाही सांगत मी, घाबरू नको."

"मला चव लागत नाही," मी म्हटलं.

बोलून झाल्यावर तो मजला इतका गप्प झाला, जसा त्या अडुसष्ट दिवसांत असायचा. ओळंब्यानं मास्क वर घेतला. मग नळीच्या टोकावर अंगठा ठेवला, खांबाच्या सळीला टोक नीट वर अडकवलं, पाणी सांडू नये म्हणून. घर जळत असतं तरी त्यानं ते आधी केलं असतं. मग विचारलं, "कधीपासून?"

इथे मी अजून एक खोटं बोलू शकलो असतो. आत्तापासून, म्हटलं असतं तर झालं असतं. जिभेवर आलं होतं. पण त्या जिभेवर आता काहीच टिकत नव्हतं.

"परवापासून."

"परवा," ओळंबा म्हणाला. "परवा जेवताना तू मला कांदा दिलास. अर्धा कापून."

"हो."

"काल तिला खोकला आला म्हणून मी छाती चोळून दिली. या हातांनी."

तो जिन्याकडे गेला. पहिल्या पायरीवर थांबला, मला वाटलं वळेल. वळला नाही. खालून त्याचा आवाज आला, "बाई! ओ बाई! तिसऱ्यावर या. पण लांबच उभ्या राहा, जवळ येऊ नका."

दोन हात आली ती धावत, पण दोन हातांवर बरोबर थांबली. मला वाटलं ओरडेल. ती नुसती म्हणाली, "काका, सकाळी मी विचारलं होतं." एवढंच. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. मग कागदावर लिहायला लागली आणि मी बघितलं, तिनं तारीखच दोनदा खोडली. तिच्या यादीतला पहिलाच असेन मी.

कुलूप लागलं नाही. ती म्हणाली होती तेच झालं. आमची जोडी तेवढी बाजूला काढली, तिसरा मजला धुऊन काढला, बाकीच्या एकोणीस जोड्या दुसऱ्या दिवशी आठ वाजता गोलांत उभ्या. माझी तपासणी झाली, निघालं. मला ताप नव्हता, दम नव्हता, म्हणून साहेब म्हणाले इथेच वेगळं ठेवू. आणि ठेवलं कुठे, तर सॅम्पल फ्लॅटमध्ये. गिऱ्हाइकांना दाखवायला तळमजल्यावर एकच घर पूर्ण केलेलं असतं ना, त्यात. फरशी मी घातलेली, खिडकीची कड मी घडवलेली. आत सोफा, काचेचं टेबल, टेबलावर परडीत प्लास्टिकची फळं. भिंतीवर टीव्ही, तो नुसता पुठ्ठ्याचा, पुढून चमकदार, मागून पोकळ. फ्रेममध्ये हसणारं कुटुंब, नवरा, बायको, दोन मुलं. ते कुणाचेच कुणी नव्हते. पलंगावर कोणी कधी झोपलेलं नाही. मी जमिनीवर झोपलो. सोफ्यावर बसलो नाही, चुन्याचा हात लागेल म्हणून. जन्मभर घरं बांधली, राहायला मिळालं ते असं. दोन हात दाराबाहेर डबा ठेवायची, दार वाजवून मागे सरायची. मी खायचो. भात का कागद, काही कळायचं नाही. एकदा त्या प्लास्टिकच्या सफरचंदाचा वास घेतला आणि खऱ्या लिंबाचा घेतला. दोन्ही सारखेच. तेव्हा मला हसू आलं आणि हसू आल्यावर रडू आलं, पण ते जाऊ द्या.

वर काम चालू होतं. तेच ऐकत पडायचो. हातोडा कोण मारतोय ते मला आवाजावरून कळतं. मुकादमाच्या शिव्या कळत. एका शब्दानं साईट थांबेल म्हणून मी दोन दिवस तोंड शिवून बसलो होतो. साईट अर्धा दिवससुद्धा थांबली नाही. कुणाचं तरी बरं झालं म्हणून आनंद व्हायला हवा. झालाही. पण आत कुठेतरी काहीतरी खचलं, भराव खचतो तसं.

आणि खिडकीतून समोर माझी शेड. तिथे ओळंबा. त्याला घरी जाता येईना, माझ्याबरोबर जेवलेला माणूस तो, आणि घरी ती तशी. चौदा दिवस त्यालाही बाजूला राहायचं होतं. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच फळीवर त्याची भांडी. बारा पावलांवर. सकाळी दात घासायला बाहेर यायचा, मी खिडकीत उभा असायचो. तो आकाशाकडे बघून दात घासायचा. मी खाकरायचो, तर आत निघून जायचा. बायकोशी फोनवर मोठ्यानं बोलायचा, मला ऐकू जावं म्हणून की जात असेल याचं भान नव्हतं म्हणून, देव जाणे. "बरा आहे मी. तू वाफ घेतलीस का? घे. नाही. तोही बरा असेल. नाही, मी विचारलं नाही." मग तिकडचं ऐकत राहायचा. मग, "तू नको मला शिकवू."

चौथ्या दिवशी माझ्या बायकोचा फोन आला. रोज यायचा, रोज मी सांगायचो जेवलो, झकास झालं होतं. त्या दिवशी विचारलं, "जेवलात का?" आणि मी म्हटलं, "जेवलो, पण काही लागत नाही गं." सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं? आजाराचं?"

"साहेबांनी तुम्हाला थांबवलं नव्हतं ते. सूनबाईनं साहेबांनाच फोन केला होता तेव्हा."

मी त्या पुठ्ठ्याच्या टीव्हीकडे बघत राहिलो. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते," ती म्हणाली. मग नातवाला फोनवर घेतलं. तो नुसता श्वास घेत होता. मीही घेतला.

सातव्या दिवशी दोन हात खिडकीखाली आली. अंतरावर उभी राहून म्हणाली, "काका, त्यांचा रिपोर्ट चांगला आला. घरच्या बाईंचाही. दोघांनाही काही नाही." मी मान हलवली. ती गेल्यावर सोफ्यावर बसलो. पहिल्यांदाच.

त्या दुपारी जेवणाची सुट्टी झाली, वर सगळं शांत. खिडकीच्या गजावर काहीतरी टकटक वाजलं. बघतो तर एक लांब बांबू, आणि बांबूच्या टोकाला सुतळीनं बांधलेलं नळीचं टोक. नवी नळी होती, लख्ख. टोकाला निळी पट्टी. बांबूच्या दुसऱ्या बाजूला ओळंबा, शेडच्या पुढ्यात. मास्क वरपर्यंत ओढलेला, नुसते डोळे. गेटपाशी दोन हात उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं, आणि पाठ फिरवून कागद वाचायला लागली.

"तुझी फळी वाकडी आहे," ओळंबा म्हणाला. सात दिवसांतला पहिला शब्द.

"कुठली फळी?"

"शेडमधली. अर्धं बोट उतार आहे. पातेलं सरकतं. माझी झोप उडालीय."

"वाकडी नाही ती. मी लावलीय."

"एकट्यानं लावलीस म्हणून वाकडी आहे. धर टोक, बडबड करू नको. तुझ्या खिडकीच्या कडेची लेव्हल दे मला, ती तरी आपण दोघांनी घेतली होती."

मी सुतळी सोडली. टोक हातात घेतलं, अंगठा ठेवला. आत पाणी भरलेलं होतं, एकही बुडबुडा नाही.

"नरसाळ्यानं भरलंय," तो म्हणाला. "तोंड लावशील तर बांबू घालीन डोक्यात, गाढवा."

"नाही लावत."

तो नळी सोडत सोडत शेडमध्ये गेला. दिसेनासा झाला. नळी तेवढी अंगणातून गेलेली, उन्हात चमकत. मी टोक खिडकीच्या कडेला टेकवलं. मग आतून आवाज आला, जाडसर, नाकातला. मी काढायचो त्याहून पुष्कळ जाडसर. मला ते कधी जमलंच नव्हतं.

"अंगठा काढला का?"

"काढला."

पाणी वर आलं, खाली गेलं, परत वर. कुणीतरी पलीकडे आहे एवढं त्या हलण्यावरून कळतं. मग ते कडेला येऊन थांबलं. अगदी बरोबर, केसाचाही फरक नाही. आता म्हणायचं होतं, बस्स. ते म्हटलं की तो रेघ मारणार, नळी गुंडाळणार, आणि काम संपणार.

"अजून थोडं खाली घे," मी म्हटलं.

तीस वर्षं नळी धरलेला माणूस तो. पाणी थांबलंय हे त्याला त्याच्या टोकाला मला दिसतंय तेवढंच दिसत होतं.

"घेतलं," ओळंबा म्हणाला. पाणी हललं. "आता?"

"आता थोडं वर."

"घेतलं. आता?"